न आटणारा पान्हा

म्हैस आटेपर्यंत फुकट दूध. भाऊसोला या सौद्यात तोटा शोधूनही सापडला नाही. गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोरच धार काढतात, त्यानं पिराजी गवळ्याला डिवचलं होतं, "तुझी म्हस दोन गिलासात आटती."

"आटंपतुर प्या की. पैसं नकोत."

पिराजीनं रेडकू समोर बांधलं. त्याला चाटता चाटता म्हैस पान्हावली. भाऊसो पीत राहिला. कास भरलेलीच राहिली.

शेजारी उभे असलेले गणिताचे प्रसेनजीत सर हसले. "अनंतातून कितीही काढा, अनंतच उरतं. माणसाला हे सुचलं कुठून, तेच कळत नाही."

"म्हशीकडनंच की, सर! पिराजी, आण अजून."

धारेचा आवाज एका लयीत चालला होता. सरांचं लक्ष रेडकाकडे गेलं. मघाशी कमरेला लागणारं रेडकू आता मांजराएवढं होतं.

"पिराजी, थांब."

"हात थांबंना झाल्यात, सर."

थोड्या वेळानं दाव्याचा फास रिकामा लोंबला. प्यायला भाऊसो, फेडलं रेडकानं.

धार मात्र चालूच होती. म्हैस आता भाऊसोची मान चाटत होती, आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या हळूहळू बोटांवर उतरत होत्या.