शिवेचा शेवटचा दगड

आल्प्सवरचा बर्फ वितळला की अख्खं गाव शिवेचे दगड तपासत फेरी मारायचं. रेगुलाच्या लहानपणी या फेरीला संध्याकाळ व्हायची. यंदा मंडळी शेवटच्या दगडापाशी दुपारच्या आतच पोचली.

"आम्हाला म्हातारं कोण म्हणतं?" बाल्त्सरकाका हसले.

हा दगड रेगुलाच्या कुरणापलीकडे, ओढ्याकाठी असायचा. आज तो तिच्या दारापुढे होता, शेवाळलेला, जणू कायम तिथलाच. गावाची खूण असलेला मेंढा कोरलेली बाजू गावातल्या चर्चकडे होती; घराकडे नुसती कोरी.

रेगुला दगड ओलांडून उंबऱ्यात गेली. "काका, माझं घर शिवेबाहेर गेलं की हो!"

काकांनी मान वर केली. तिच्या आरपार घराकडे बघत शेजाऱ्याला विचारलं, "इथे कुणी राहायचं का रे?"