तपासलेली भाकरी

"ए म्हातारे, लांब हो!" रज्जाक शिपाई ओरडला.

लोणावळा स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत तिघं उभे होते. बेचाळीसच्या गडबडीत तारा तोडल्या म्हणून शिक्षा झालेला अंबाजी, त्याच्या बेडीची साखळी आपल्या पट्ट्याला अडकवून रज्जाक, आणि दोघांवर नजर ठेवून फौजदार. अंबाजीला येरवड्याच्या तुरुंगात पोचवायचं होतं.

समोर आली होती ती अंबाजीची आई, बयाबाई. वलवणहून चालत. रज्जाकही वलवणचाच. त्याची आई गेली तेव्हापासून तो या बाईला मावशी म्हणत तिच्याच चुलीपाशी जेवून वाढलेला. पण कैद्याशी ओळख निघाली की शिपायाच्या नोकरीवर गदा यायची. फौजदारानं सकाळीच विचारलं होतं, "याच्या गावाशी तुझा काही संबंध?" आणि हा बहाद्दर म्हणाला होता, "न्हाई, साहेब."

बयाबाईनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग पदराखालून फडकं काढलं.

"पोराला दोन घास द्यायचेत, साहेब. तुमी म्हनाल तर."

तुमी! साहेब! त्यापेक्षा मावशीनं मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं, असं रज्जाकला वाटलं.

"मोडून बघ," फौजदार म्हणाला. "चांगली बारीक मोड. मागं एकाच्या भाकरीत करवतीचं पातं निघालं होतं."

रज्जाकनं नाचणीची भाकरी मोडली. फडक्यात अजून ऊन राहिली होती. फौजदार बघतोय म्हणून त्यानं तुकड्यांचे तुकडे केले, पार भुगा केला, आणि तो अंबाजीच्या ओंजळीत घातला. अंबाजी मान खाली घालून खाऊ लागला. त्याच्याकडं बघायची रज्जाकची छाती झाली नाही.

"त्या दुसऱ्या गाठीत काय आहे?"

बयाबाईनं तीही सोडली. आणखी एक भाकरी, तिच्यावर लसणाच्या चटणीचा गोळा.

"आमच्या गावचं एक पोर पोलिसात हाय," ती फौजदाराला म्हणाली. "त्याला ही चटनी लय आवडती. हितं घावंल वाटलं हुतं. न्हाई घावला." तिनं भाकरी रज्जाकच्या हातावर ठेवली. "तुमास्नी कुटं दिसला तर द्या, साहेब."

ती वळली आणि चालू लागली.

फौजदार हसला. "कुठं शोधत बसतोस आता! मोडून बघ आणि खाऊन टाक."

रज्जाकनं भाकरी मोडायला घेतली. डोळे मात्र लांब जाणाऱ्या मावशीच्या पाठीकडं लागले होते, आणि तुकडे हातातून खाली पडू लागले. तेवढ्यात साखळी वाजली. अंबाजीनं बेडीतले दोन्ही हात जोडून त्या तुकड्यांखाली धरले होते.

"सांडू नगंस," तो हळू म्हणाला. "आईनं पहाटं उठून केलीया."