व्यंकोजीचं पथ्य

तिरुवल्लिकेणीतली गल्ली वळली आणि गॅलरीतली वहिनी दिसेनाशी झाली, की व्यंकोजीची चाल मंदावायची. मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर भराभर चालून घाम गाळायचा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. हा गडी कोपऱ्यावरच्या टिफिन हॉटेलात शिरून तुपात डुंबणारं डाळतांदळाचं पोंगल मागवायचा. वर मेदुवडे.

थोरल्या भावाचं, भीमसेनचं यकृत निकामी झालं होतं. रक्तगट जुळणारे घरात दोघंच, व्यंकोजी आणि पुतणी शरण्या. पण शरण्या अजून अठराची नव्हती. राहिला व्यंकोजी. त्याच्या यकृतात चरबी फार. ती उतरल्याशिवाय डॉक्टर थोरल्याला देण्यासाठी तुकडा काढायला तयार नव्हते.

अण्णावर त्याचा जीव होता, खोटं कशाला बोला. पण आपल्या पोटावर सुरी फिरणार, याची त्याला भारी भीती वाटायची. ज्या वहिनीनं आईमागं वाढवलं, तिला तोंडावर नाही म्हणायचीही छाती नव्हती. त्यापेक्षा पोंगल बरं.

घरी तो चार घास खाऊन पानावरून उठायचा.

"इतकं कमी जेवतोस व्यंकू, तरी अंग उतरेना. मज बघवत नाही रे," वहिनी म्हणायची.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सकाळी पाय पुन्हा तिकडेच वळायचे.

काही महिन्यांनी त्याच्या सगळ्या तपासण्या नव्यानं झाल्या. डॉक्टर उन्मेष मूळचे पुण्याचे. त्यांनी दीर-भावजयीला समोर बसवून मराठीतच सांगितलं, की चरबी उलट वाढली आहे, हे यकृत घेता येणार नाही. व्यंकोजीनं मान खाली घातली. मनात म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला.

शरण्याचं नुकतंच अठरावं संपलं होतं. ती हट्टानं पुढे आली होती आणि तिचं यकृत उत्तम निघालं होतं. हे ऐकून व्यंकोजीला लाज वाटली. सुटल्यासारखंही वाटलं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "या वाट बघण्यात भीमसेनरावांची मूत्रपिंडंही कायमची गेली. आता यकृत आणि मूत्रपिंड एकाच वेळी बदलावं लागेल. मुलीकडून दोन्ही घेता येणार नाहीत."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी व्यंकोजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यकृताचं सोडा, तुमची मूत्रपिंडं अगदी ठणठणीत आहेत."