भट्टीवरचा माणूस

नशेतून सुटलेल्या माणसांना कुणी कामावर ठेवत नाही, म्हणून मावशींनी त्यांच्यासाठी बेकरी काढली. स्वतःचा मुलगा नशेपायी गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी. गल्लीत कुणी नाक मुरडलं, की त्या म्हणत, "पाव घ्यायचा तर घ्या, पंचनामा नको."

एका सकाळी प्रार्थनागृहाचे गुरुजी स्वतः आले. मावशींना ते वडिलांच्या जागी होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, तुम्ही फार भोळ्या. तो भट्टीवरचा माणूस कोण, ठाऊक तरी आहे का? तुमच्या मुलाला पहिली पुडी त्यानेच विकली होती. आजच्या आज हाकला त्याला. नाहीतर प्रार्थनागृहात तुमचा पाव उद्यापासून बंद."

भट्टीवरच्या माणसाने ते ऐकलं. हातातला ट्रे खाली ठेवून तो दाराकडे निघाला.

"कुठे चाललास? पाव करपेल," मावशी ओरडल्या. मग गुरुजींकडे वळल्या. "ठाऊक आहे. तुरुंगातून सुटला, तेव्हा मीच त्याला घेऊन आले. सुरुवातीला त्याचं तोंड बघवत नव्हतं, भांडी आपटायचे नुसती. पण तो कुठेही जाणार नाही. बंद करायचा तर करा पाव."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अहो, असलं खूळ तुमच्या डोक्यात भरवलं तरी कुणी?"

 

"तुम्हीच, गुरुजी. क्षमेवर प्रवचन चाललं होतं तेव्हा सगळे डुलक्या घेत होते. मी ऐकत होते."