रेघेवर मोडलेलं झाकण

नत्थूने पत्रा बरोबर रेघेवर धरला आणि पत्रा मोडायच्या मशीनचा दांडा दाबला. एरवी तो मोड सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत घ्यायचा. थोरला भाऊ बाबाराव आखताना रेघ नेहमी सूतभर बाहेर मारायचा. तिथेच मोडलं तर झाकण मोठं होऊन ढिलं बसणार, हे ठरलेलं. ती चूक नत्थू इतकी वर्षं गुपचूप सांभाळून घेत आला होता. आज मात्र त्याने ठरवूनच ती सांभाळली नाही.

काल मोतीलाल व्यापारी दोघा भावांच्या सिंदीतल्या दुकानात आला होता. दुष्काळ नुकताच सरला होता, घरोघर धान्याला पत्र्याच्या कोठ्या हव्या होत्या. आज येऊन पाहायची नमुन्याची कोठी पसंत पडली तर हंगामभराचं काम द्यायला तो तयार होता. त्याच्यासमोर बाबाराव सहज बोलून गेला, "आखणी माही असते. नत्थू नुसता दांडा दाबते." नत्थूच्या ते जिव्हारी लागलं.

शेवटची बाजू मोडताना त्याचा हात अडखळला. काम गेलं तर दोन्ही घरांच्या चुली विझणार होत्या. भावाला तोंडघशी पाडता पाडता आपलीही बायकापोरं उपाशी राहतील, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. तरी त्याने दांडा दाबलाच.

मोतीलाल आला. सांगून टाकावं, असं नत्थूच्या ओठांवर यायचं आणि तो गिळून टाकायचा. बाबारावने झाकण उचललं, कोठीवर ठेवलं, वरून तळहात मारला. झाकण गच्च बसलं. मोतीलालने ते ओढून पाहिलं, हलवून पाहिलं आणि काम पक्कं करून तो निघून गेला.

नत्थू पट्टी घेऊन झाकणावर वाकला. कुठेच फरक नव्हता. त्याला धड आनंद होईना, धड राग येईना. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "भाऊ, आज रेघ बरोबर कशी आली?"

बाबाराव पुढचा पत्रा पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू नवा होता तवा मोड सूतभर आत धरत जाय. तुले टोकण्यापेक्षा मीच रेघ बाहेर मारत गेलो," तो म्हणाला. "तुले ती माही चूक वाटे, हे बी ठाऊक होतं मले. काल तुले लागलं, ते दिसलं मले. म्हटलं, आज हा पोट्टा रागानं रेघेवरच मोडन. मग मारली बरोबर."