मुलांच्या संगणकाला कुलूप

"मुलांना इंटरनेट नकोच, असं कुठे म्हणतोय मी?" घड्याळजी म्हणाला. "मोठ्या माणसाशिवाय नको, एवढंच."

वाचनालयाच्या माडीवर समितीची बैठक रंगात आली होती. ग्रंथपाल बाईंचा पारा चढला.

"ज्यांच्या घरी काही नाही, तीच पोरं इथे येतात. तुमचीच छबी बघा. शाळा सुटली की तडक इकडे."

"म्हणूनच तर घोर लागतो जिवाला."

तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन तो या गावात आला, तेव्हापासून आई आणि बाप दोन्ही तोच होता. अशा माणसाशी हुज्जत कोण घालणार? भराभर हात वर झाले. ठराव मंजूर. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला होता, वर शाबासकीही मिळवली होती.

छबी जिन्याखालीच उभी होती.

"बाबा, झालं बंद?"

"झालं. तुम्हाला आता फक्त शाळेची पानं."

"मला भलतंसलतं नव्हतं बघायचं. आईचं नाव टाकणार होते. कुणीतरी तिचा फोटो ठेवला असेल ना? आपल्याकडे एकही नाही."

घड्याळजीला तिच्याकडे बघवेना. "मी शोधतो हं. तू हो पुढे."

ती गेली. बाई किल्ल्या वाजवत आल्या. राग अजून उतरला नव्हता.

"बसवलं एकदाचं कुलूप. ठराव तुमचा, तेव्हा तपासूनही तुम्हीच घ्या."

मुलांच्या बुटक्या खुर्चीत तो कसाबसा मावला. बाई आत गेल्यावर त्याने बायकोचं नाव टाकलं. 'हे पान मुलांसाठी बंद आहे.' त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. एवढ्याशा पोरीने मागून मागून मागितलं काय, तर एक फोटो.

तो उठला. मोठ्यांच्या संगणकावर बसून त्याने तेच नाव पुन्हा टाकलं.

पान उघडलं. बायकोचा कालच्याच तारखेचा फोटो होता, आणि खाली यंदाही तेच लिहिलं होतं: 'माझी मुलगी आता दहा वर्षांची असेल. बापासोबत कुणाला दिसली, तर मला कळवा.'