सातवी माळ

बाकावर बसल्या बसल्या सुंदरबाईंची मान हलायला लागली, आणि उपकेंद्राच्या ओसरीवरच्या सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या.

मंगळवार होता. बीपी-शुगर तपासायचा वार तोच आणि देवीचा वारही तोच. त्यात नवरात्राची सातवी माळ. सुंदरबाईंचे हात थरथरू लागले, डोळे फिरले, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं सुरू झालं. "आली गं, आई आली," कुणीतरी म्हणालं. एकीनं कमरेच्या पिशवीतलं कुंकू काढून सुंदरबाईंच्या कपाळभर फासलं. दोघी तर सरळ त्यांच्या पायांवर आडव्या झाल्या.

वनिता सिस्टर आतून धावत आली. तिला देवी दिसली नाही. घामानं चिंब झालेलं लुगडं दिसलं. तिनं सुंदरबाईंचं मनगट धरलं. हात गारठला होता आणि नाडी नुसती पळत होती.

"बाजूला व्हा. शुगर उतरलीय यांची."

"मॅडम, मधी कशाला येता?" सुंदरबाईंचा थोरला मुलगा सर्जेराव आडवा उभा राहिला. गावात त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. "आईचा वारा हाय ह्यो. आमच्या आजीच्या बी अंगात यायचं. तुमच्यात देव मानीत न्हाईत, तुमाला न्हाई कळायचं."

तुमच्यात. तीन वर्षं याच गावाचं बीपी मोजूनही तो शब्द वनिताला लागायचा तसाच लागला. पण आत्ता रागवायला वेळ नव्हता. सर्जेराव बोलत होता तेवढ्यात तिनं सुंदरबाईंच्या बोटाला सुई टोचली आणि मशीन त्याच्या नाकासमोर धरलं.

"चौतीस. सत्तरच्या खाली गेलं की धोका. ग्लुकोज दिलं न्हाई तर आई हातची जाईल, सर्जेराव."

"देवीची बी शुगर मोजता व्हय?"

मागे गावच्या आशा सेविका मुक्ताबाई फोनवर ओरडत होत्या. नेकनूरच्या दवाखान्यातून रुग्णवाहिका निघाली होती. यायला चाळीस मिनिटं लागणार होती. ट्रेमध्ये ग्लुकोजची बाटली तयार होती, पण हलणारा हात कुणी धरल्याशिवाय शीर मिळणार नव्हती, आणि अंगात आलेल्या बाईचा हात आवळून धरायला एकही बाई पुढे होईना. सर्जेराव तर वाटेतून हलेना. तेवढ्यात सुंदरबाईंचं पुटपुटणं थांबलं. अंग सैल पडायला लागलं.

"शांत व्हायली बघा आई," एक म्हातारी समाधानानं म्हणाली.

शुद्ध हरपत चालली होती, हे वनितानं ओळखलं.

तिच्या घरात तीन पिढ्या देवीपुढं कुणी हात जोडले नव्हते. आजोबांनी छप्पन साली देव्हारा घराबाहेर काढला, तो काढलाच. वनितानं ट्रे खाली ठेवला, फरशीवर गुडघे टेकले आणि हात जोडले. सर्जेराव बघतच राहिला.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुझं झाड, ही बाई, लई दमलंय. त्याचा उपास सोडू का?"

सुंदरबाईंची लटकणारी मान पुढं झुकली.

"हो म्हणली! आई हो म्हणली!" मुक्ताबाई अशा काही किंचाळल्या, की शंका घ्यायची कुणाची बिशाद नव्हती.

"मग धरा हात," वनिता म्हणाली.

सर्जेराव स्वतः खाली बसला. आईचा कोपर त्यानं दोन्ही हातांनी धरला. पहिली सुई वाया गेली. सहा दिवसांच्या उपासानं शिरा पार आत गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी नळीत रक्त दिसलं आणि वनितानं ग्लुकोज सुरू केलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. वनिता सुंदरबाईंच्या छातीकडे बघत श्वास मोजत होती आणि मोजताना चुकत होती.

सुंदरबाईंनी डोळे उघडले. एवढी माणसं बघून आधी डोईवरचा पदर सावरला.

"आई राजा उदो उदो!" ओसरी दणाणली. कुणीतरी वनिताच्याही कपाळाला कुंकू लावलं. तिनं ते पुसलं नाही. तिचे दोन्ही हात बाटली धरण्यात गुंतले होते.

"गाडी आली की नेकनूरला जायचं. साखर परत उतरू शकती," तिनं सर्जेरावला बजावलं. त्यानं मान हलवली. मग ती सुंदरबाईंच्या कानाशी वाकली. "सकाळी शुगर कमी करायची गोळी घेतलीत?"

"घेतली की." सुंदरबाई ओशाळल्या. "रागावू नका, सिस्टर. उपास धरलाय, पोटात पाण्याबिगर काय न्हाई. पण तुमी सांगितलं व्हतं, काय बी झालं तरी गोळी चुकवायची न्हाई. एक बी न्हाई चुकवली."

सांगितलं होतं. दर मंगळवारी, प्रत्येकीला, दम देऊन सांगितलं होतं. दारावर लाल अक्षरांत लिहिलंही तिनंच होतं. उपास कुणाचा, कसला, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. लोकांच्या देवाधर्मात आपण पडायचं नाही, असं तिनं नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

बाटली मुक्ताबाईंच्या हाती देऊन ती उठली आणि बाकाकडे वळली. मधुमेहाच्या गोळ्यांची कार्डं घेऊन बाया आपापल्या नंबराला परत बसल्या होत्या.

"उपास कुणाकुणाचा हाय?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक करत अकरा हात वर झाले.

"आणि आज गोळी कुणी घेतली?"

एकही हात खाली आला नाही.